बिडाचे जुने गल्ले: नव्याने पाहणाऱ्यांसाठी

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक लठ्ठ गृहस्थ खुर्चीत ऐसपैस बसला आहे. उंची वीतभरही नाही. त्याने पुढे केलेल्या हातावर नाणे ठेवले, की नाण्याच्याच वजनाने हात खाली येतो, नाणे कोटाच्या खिशात घसरते आणि गृहस्थ मान डोलावून आभार मानतो. आत स्प्रिंग नाही, किल्ली नाही. हा ‘टॅमनी बँक’ नावाचा गल्ला. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात क्रॉमवेल नावाचे गाव आहे, तिथल्या जे. अँड ई. स्टीव्हन्स कंपनीने तो ओतला. पेटंट डिसेंबर १८७३चे. त्याच्या महिनाभर आधी न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय गटाचा म्होरक्या विल्यम ट्वीड शहराच्या तिजोरीच्या लुटीच्या खटल्यात दोषी ठरला होता. मुलांना बचतीची सवय लागावी म्हणून घरात आणलेले खेळणे, आणि त्यात पैसे खिशात घालणारा पुढारी!

हे गल्ले पाहायला येणारे बहुतेक लोक दोनच प्रश्न विचारतात: किती जुना आहे आणि केवढ्याला जाईल. माझे म्हणणे असे, की ते प्रश्न शेवटी विचारावेत. आधी पाहावे की ही मूर्ती कोणाकोणाच्या हातांतून गेली आणि ती कोणाला हसते आहे. त्यासाठी गल्ला विकत घ्यावा लागत नाही, इतिहासाची पदवीही लागत नाही. खाली पायऱ्या दिल्या आहेत, त्याच क्रमाने जा. निदान पहिल्यांदा तरी क्रम मोडू नका.

पहिली पायरी: दोन घराणी ओळखा

बिडाच्या गल्ल्यांचे दोन प्रकार. एक हलणारे, ज्यांना मेकॅनिकल बँक म्हणतात: नाणे ठेवा, कळ दाबा, काहीतरी घडते. दुसरे स्थिर, म्हणजे स्टिल बँक: सिंह, हत्ती, पोलीस, बँकेची इमारत, वर नाण्यासाठी फट आणि बाकी काही हालचाल नाही.

बाजारासाठी बिडात ओतलेल्या हलत्या गल्ल्यांची सुरुवात सहसा ‘हॉल्स एक्सेलसियर’पासून मानतात. जॉन हॉल यांनी १८६९ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि स्टीव्हन्स कंपनीने तो काढला. छोटीशी इमारत, घुमट उघडतो आणि आतून कारकून डोके वर काढतो. पुढची चाळीसेक वर्षे या प्रकाराची भरभराट होती. बफेलोची शेपर्ड हार्डवेअर, फिलाडेल्फियाची कायझर अँड रेक्स या स्टीव्हन्सच्या प्रतिस्पर्धी. इंग्लंडात विलेनहॉलची जॉन हार्पर कंपनी. स्थिर गल्ल्यांचा काळ थोडा नंतरचा. ओहायोतल्या रॅव्हेना गावच्या ए. सी. विल्यम्स कंपनीने १९२०च्या दशकात ते ढिगांनी काढले आणि स्वस्त वस्तूंच्या साखळी दुकानांतून ते घरोघर गेले. पुढे पत्र्याचे आणि प्लॅस्टिकचे गल्ले आले, दुसऱ्या महायुद्धात लोखंड युद्धाकडे वळले आणि बिडाचे दिवस सरले.

सुरुवातीला एवढी नावे पुरेत.

दुसरी पायरी: तो ओतला कसा, हे समजून घ्या

ही पायरी ओलांडून पुढे गेलात तर बाकीचे सगळे वरवरचे राहील.

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ज्यांनी काम केले आहे त्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. आधी कारागीर लाकडात किंवा मेणात मूर्ती कोरतो. त्यावरून धातूचा पक्का नमुना बनतो, त्याला पॅटर्न म्हणतात. ओलसर बारीक वाळू लोखंडी चौकटीत ठासून भरायची, पॅटर्न दाबून त्याचा ठसा घ्यायचा, दोन अर्धे एकमेकांवर बसवायचे आणि मधल्या पोकळीत वितळलेले बीड ओतायचे. थंड झाल्यावर वाळू फोडायची. प्रत्येक ओतकामाला वाळूचा साचा नवा. म्हणजे हजार गल्ले काढायचे तर वाळू हजार वेळा हातानेच ठासावी लागे. मग तुकडे फिरत्या पिंपात घालून घासायचे, कडा कानशीने साफ करायच्या, रंग द्यायचा आणि जोडायचे.

हलत्या गल्ल्याचे सुटे भाग पुष्कळ असतात. हात वेगळा, डोके वेगळे, आतली पट्टी वेगळी, तळाचे झाकण वेगळे. यंत्रावर कातकाम जवळजवळ नाही. वाळूतून जसे आले तसेच भाग एकमेकांत बसायला हवेत, आणि तरीही हात नेमका खिशापाशीच थांबायला हवा. बंद पोलादी साच्यात प्लॅस्टिक दाबून खेळणे काढण्याच्या आजच्या काळात या कौशल्याची कल्पना येणे कठीण आहे.

इथेच लोककलेचा प्रश्न येतो. हे तर कारखान्याचे उत्पादन, पेटंट घेतलेले, कॅटलॉगमधून विकलेले. मग लोककला कशी? आक्षेप खरा आहे आणि काही अभ्यासक आजही तो घेतात. मी मात्र ठामपणे दुसऱ्या बाजूला आहे. ज्यांनी हे कोरले ते बहुतेक कलाशाळेत शिकलेले शिल्पकार नव्हते. त्यांनी विषय घेतले ते सर्कस, वर्तमानपत्रातली व्यंगचित्रे, बायबलच्या गोष्टी, गल्लीतली भांडणे यांतून. शरीराची प्रमाणे त्यांनी डोळ्याला भावतील तशी मोडली. डोके मोठे, पाय आखूड, हात नाणे धरेल एवढा रुंद. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्त्यांसमोर ज्यांचे पाय थबकले असतील त्यांना ही नजर आधीच आहे: सुपारी कातरायचे हत्यार, पण त्याला घोड्याचे तोंड दिल्याशिवाय कारागिराला चैन पडले नाही.

अमेरिकेनेही हे फार उशिरा ओळखले नाही. १९३५ नंतरच्या मंदीच्या वर्षांत सरकारने बेरोजगार चित्रकारांना काम दिले, त्यातल्या एका प्रकल्पाचे नाव ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’. देशातल्या जुन्या घरगुती आणि हस्तकलेच्या वस्तूंची तंतोतंत जलरंगचित्रे काढायची, हे काम. अठरा हजारांवर चित्रे तयार झाली. रजया, छपरावरचे वाऱ्याची दिशा दाखवणारे कोंबडे, मातीची भांडी यांच्या जोडीने त्यात बिडाचे गल्लेही आहेत. ही चित्रे आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे आहेत आणि तिच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. माझा आग्रह आहे, की तुमचा पहिला अभ्यास तिथेच करा. छायाचित्रात जे निसटते ते चित्रकाराने ब्रशने शोधलेले दिसते: गंजाचा कण, रंग उडालेली कड, खाचेत साचलेला काळेपणा.

तिसरी पायरी: स्थिर गल्ल्यासमोर बसा

हलता गल्ला आधी हातात घेतलात तर लक्ष चमत्काराकडे जाते. म्हणून स्थिर गल्ल्यापासून सुरुवात करा. ए. सी. विल्यम्सचा सिंह घ्या किंवा हत्ती. तो फार दुर्मीळ नाही, म्हणून निवांत पाहता येतो.

खिडकीपाशी ठेवा. उजेड एका बाजूने येऊ द्या. आधी नुसती बाह्यरेषा पाहा: पाठीची, शेपटीची. वाळूतला ठसा न मोडता पॅटर्न बाहेर यायला हवा, म्हणून कारागिराने शेपटी अंगाला चिकटवलेली दिसेल, पायांमधली जागा भरून काढलेली दिसेल. ही ओतकामाची अडचण, पण चांगल्या कारागिराने तिच्यातूनच मूर्तीला भारदस्तपणा दिला. मग आयाळ पाहा. केसांच्या खोबणी एकसारख्या आहेत की कोरणाऱ्याचा हात कुठे वळला ते कळते? पुढून झाले की मागे वळवा, तळ पाहा. पुष्कळ गल्ल्यांना दोन अर्ध्यांचा सांधा अंगावरून उभा जातो; तो कानाजवळून, पंजाजवळून कसा नेला आहे ते बघण्यासारखे असते.

एक सवय लावून घ्या: पेन्सिलीने रेखाटन करा. चित्रकला येत नसली तरी चालेल. हात चालू लागला की डोळा थांबतो.

चौथी पायरी: आता हालचाल, पण सावकाश

हलता गल्ला म्हणजे काही सेकंदांचे नाटक. त्याचे तीन क्षण वेगळे करून पाहा: नाणे ठेवण्यापूर्वीची मुद्रा, मधली कृती आणि शेवटची स्थिती. संग्रहालयांनी आणि लिलावगृहांनी चित्रफिती ठेवलेल्या असतात. त्या वेग कमी करून बघा.

‘ईगल अँड ईगलेट्स’ हा स्टीव्हन्सचा १८८३चा गल्ला माझ्या मते नवशिक्यासाठी सर्वांत उत्तम धडा आहे. घरट्याच्या कडेला गरुडी, चोचीत नाणे. कळ दाबली की ती पुढे वाकते, पिले चोची उघडून वर येतात आणि आत दडवलेल्या छोट्या भात्यातून चिवचिवाट निघतो. नाणे घरट्यात पडते. बचतीचा उपदेश इथे एका शब्दानेही केलेला नाही. नाणे म्हणजे पिलांच्या तोंडचा घास. भाता चामड्याचा किंवा कापडाचा असल्याने बहुतेक गल्ल्यांत तो कधीच फाटून मुका झाला आहे. चिवचिवणारा भेटला तर जरूर ऐका.

याच्या उलट शेपर्डचा १८८६चा ‘अंकल सॅम’, म्हणजे व्यंगचित्रांत अमेरिका देश म्हणून काढतात तो म्हातारा. उंच टोपी, पट्ट्यापट्ट्यांची विजार, हातात छत्री. कळ दाबली की हात खाली येतो, नाणे पायाशी असलेल्या पिशवीत पडते आणि दाढी बोलल्यासारखी हलते. देशच तुमच्याकडून पैसे घेतो आहे आणि बडबडतोही आहे! यातला विनोद कराच्या नावाने बोटे मोडणाऱ्या कुठल्याही माणसाला कळेल. अगदी साध्या यंत्रणेतून स्वभाव कसा उभा करायचा, याचा हा नमुना.

चार्ल्स बेली हे नावही लक्षात ठेवा. स्टीव्हन्ससाठी त्यांनी केलेल्या गल्ल्यांत तळाच्या चौथऱ्यावर पाने, फुले, वेली अशा काही भरलेल्या असतात, की नाव न वाचता ओळखता यावे. १९०७चा ‘टेडी अँड द बेअर’ त्यांचाच: बंदूक रोखलेले अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि झाडाच्या बुंध्यातून डोके वर काढणारे अस्वल. मूळ प्रसंग १९०२ मधल्या मिसिसिपीतल्या शिकारीचा, जिथे बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला रूझवेल्ट यांनी नकार दिला. गल्ल्यात मात्र ते नाणे झाडतात. लोकांच्या तोंडी प्रसंग कसा उलटापालटा होतो, त्याची ही बिडात ओतलेली नोंद.

पाचवी पायरी: तो कोणाला हसतो आहे?

ही पायरी टाळू नका. टाळणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यामुळे या छंदाचे नुकसान झाले आहे.

त्या काळच्या गल्ल्यांतला मोठा भाग काळ्या माणसांची विटंबना करणारा आहे. जाड ओठ, बटबटीत डोळे, तोंडात नाणे गिळणारे अर्धपुतळे शेपर्डने ओतले, हार्परने ओतले, आणखीही अनेकांनी ओतले, आणि त्यांची नावे शिवीगाळीची होती. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर काही वर्षांतच गोऱ्या घरांतल्या मुलांच्या हाती हे खेळणे दिले गेले. मूल रोज कळ दाबे आणि माणसाची अवहेलना म्हणजे करमणूक, हे त्याच्या बोटांत मुरे.

फक्त काळेच नव्हे. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा केला. त्याच वर्षी स्टीव्हन्सचा ‘रिक्लायनिंग चायनामॅन’ आला: ओंडक्यावर रेललेला चिनी माणूस, कळ दाबताच हातातले जिंकणारे पत्ते दाखवणारा, म्हणजे लबाड. आयरिश लोकांची टर उडवणारा ‘पॅडी अँड द पिग’ही १८८२चाच. दोन्हींचा रचनाकार एकच, फिलाडेल्फियाचे जेम्स बोवेन. आणि याच बोवेन यांनी १८९० मध्ये ‘गर्ल स्किपिंग रोप’ केला: किल्ली दिली की दोरी फिरते, मुलगी उडी घेते, पाय आणि मान हलते. या साऱ्या गल्ल्यांत इतका नाजूक दुसरा क्वचितच सापडेल. एकाच हाताची ही दोन्ही कामे आहेत. दोन्ही एकत्र पाहायला हवीत.

मग काय करायचे? मिशिगनमध्ये बिग रॅपिड्सला फेरिस स्टेट विद्यापीठाचे जिम क्रो म्युझियम आहे. वंशद्वेषाच्या वस्तू तिथे पुरावा म्हणून मांडल्या आहेत, शेजारी त्या काळच्या कायद्यांची आणि हिंसेची माहिती आहे. असे गल्ले पाहण्याची योग्य जागा तीच. घराच्या दिवाणखान्यात शोभेला ते ठेवू नयेत, भेट म्हणून देऊ नयेत. अभ्यासासाठी संग्रहात असलेच तर शेजारी स्पष्ट टिपण असावे. ‘तो काळच तसा होता’ हे वाक्य मला पुरेसे वाटत नाही. ज्यांची थट्टा केली ती माणसेही त्याच काळात जगत होती.

आपल्याकडच्या वाचकाने हे परक्यांचे प्रकरण म्हणून सोडून देऊ नये. आपल्याही नकलांत, म्हणींत, तमाशाच्या बतावणीत कोणाच्या जातीला, रंगाला, बोलीला हसले गेले, हे विचारायची सवय याच निमित्ताने लागते.

सहावी पायरी: रंगाला हात लावू नका

जुन्या गल्ल्याचा रंग हाच त्याचा जीव. बीड बनवणारे शेकडो होते, पण चेहऱ्याला भाव रंगकाऱ्याने दिला: भुवईची एक रेघ, ओठावर लाल ठिपका. शेपर्डच्या गल्ल्यांची रंगाबद्दल विशेष ख्याती आहे. घरी आणलेला गल्ला ‘जरा स्वच्छ करू’ म्हणून साबण, लिंबू, चिंच, पितांबरी, तारेचा घासणा यांतले काही वापरले तर शंभर-सव्वाशे वर्षांचे काम दहा मिनिटांत जाते. नवा रंग देणे त्याहून वाईट. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस. पापुद्रे सुटत असतील तर ब्रशही नको.

आणि हा रंग शिशाचा असतो, हे गृहीत धरा. हाताळल्यावर हात धुवा. लहान मुलांना खेळायला देऊ नका, मूळ खेळणे त्यांच्यासाठी असले तरी.

सातवी पायरी: नक्कल ओळखायला शिका

बाजारात नकलांचा सुळसुळाट आहे. काही प्रामाणिक आहेत: विसाव्या शतकाच्या मध्यावर ‘बुक ऑफ नॉलेज’ मालिकेत जुन्या गल्ल्यांच्या प्रतिकृती निघाल्या आणि तळाशी तसे लिहिलेले असते. ते अक्षर कोणी घासून टाकले असेल तर तळाला घासल्याचा डाग दिसतो. बाकीच्या नकला फसवण्यासाठीच.

सर्वांत भरवशाची खूण दुसऱ्या पायरीतून येते. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते. मूळ पॅटर्न त्या हिशेबाने मोठा केलेला असतो. नक्कल करणाऱ्याकडे पॅटर्न नसतो. तो जुना गल्लाच वाळूत दाबतो. त्यामुळे त्याची प्रत मूळापेक्षा एक टक्का लहान निघते. वीस सेंटिमीटर लांबीच्या तळात हा फरक दोन मिलिमीटरचा. म्हणून संग्राहक खऱ्या गल्ल्याचा तळ कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवतात आणि त्या रेषेवर दुसरा गल्ला ठेवून पाहतात. दोन मिलिमीटर डोळ्याला चटकन दिसतात.

मग स्क्रू पाहा. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकातला शोध आहे. १८८०च्या गल्ल्यात तो दिसला तर निदान स्क्रू तरी बदललेला आहे. सांधा पाहा: जुन्या चांगल्या ओतकामात दोन अर्धे घट्ट मिटतात, नकलेत फट राहते किंवा कडा ग्राइंडरने खरवडलेल्या असतात. बोट फिरवा: जुन्या फाउंड्रीची वाळू फार बारीक होती, पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, नकलेवर रवाळ खडबडीतपणा असतो. गंज पाहा: जुना गंज गडद तपकिरी आणि बसलेला, नवा भगवा आणि बोटाला लागणारा. झीजही पाहा. कळ, नाण्याची फट, डोक्याचा वरचा भाग इथे रंग जायला हवा. काखेत आणि खाचेत गेला असेल तर कोणीतरी मुद्दाम घासला आहे. लोहचुंबक खिशात ठेवा, म्हणजे रंगाखाली अॅल्युमिनियम किंवा पितळ आहे का ते लगेच कळते.

कुठल्याही एका खुणेवर निकाल देऊ नका. तीन-चार एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या, की मग बोला.

आठवी पायरी: हाताळणी, जागा आणि पहिली खरेदी

बीड जड असते म्हणून मजबूत वाटते, पण ते ठिसूळ आहे. फरशीवर पडले तर पोचा येत नाही, तुकडा उडतो. दोन्ही हातांनी, तळाखाली आधार देऊन उचला. हाताला किंवा डोक्याला धरून कधीच नाही. हलता गल्ला पाहुण्यांसमोर पुन्हा पुन्हा चालवू नका. स्प्रिंग जुनी आहे आणि प्रत्येक आघाताने रंग झडतो.

मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यातली दमट हवा हा मोठा शत्रू. बंद काचेचे कपाट, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि त्या वेळोवेळी बदलायची शिस्त, एवढे तरी हवेच. उघड्या खिडकीपाशी किंवा स्वयंपाकघराजवळ ठेवू नका.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे गल्ले प्रत्यक्ष पाहणे सोपे आहे. रॉचेस्टरचे स्ट्राँग म्युझियम ऑफ प्ले, वॉशिंग्टनचे नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन हिस्ट्री यांच्या संग्रहात ते आहेत. जाण्याआधी कोणते मांडलेले आहेत याची चौकशी करा. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, न्यूयॉर्क राज्यांतल्या जुन्या वस्तूंच्या बाजारांत ते नेहमी दिसतात. लिलावाच्या आधी मालाचे प्रदर्शन असते, तिथे बोली न लावताही गल्ला हातात घेता येतो. याहून चांगली शाळा नाही. संग्राहकांच्या संघटना आहेत, हलत्या गल्ल्यांची वेगळी, स्थिर गल्ल्यांची वेगळी. त्यांचे जुने सभासद नवख्याला आनंदाने शिकवतात.

विकत घ्यायचाच असेल तर पहिला गल्ला स्थिर घ्या, साधा, मूळ रंग राखून असलेला. ए. सी. विल्यम्सचे नेहमीचे प्राणी बहुधा शंभर डॉलरच्या आत मिळतात. दुर्मीळ हलत्या गल्ल्यांच्या किमती लाख डॉलरांच्या पलीकडे गेलेल्या आहेत, आणि नकलांचे जाळेही तिथेच दाट आहे. त्या वाटेला पहिली काही वर्षे जाऊ नका. विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: रंग मूळ आहे का, एखादा भाग बदलला किंवा जोडला आहे का, आणि खरा नसल्यास परत घ्याल का. उत्तरे पावतीवर लिहून मागा. लिहून देणार नसेल तर गल्ला तिथेच ठेवा. घरी आणल्यावर त्याच दिवशी वहीत उंची, रुंदी, वजन, तळाची गिरवलेली रेषा, चारही बाजूंची छायाचित्रे आणि कुठून मिळाला याची नोंद करा. त्याच्या आधीच्या घराबद्दल विक्रेत्याला जे माहीत असेल तेही विचारून त्याच पानावर लिहा.